सीएफएस असलेल्यांना लिम्फोमा होतो का? (मानेतली गाठ आणि रात्रीचं गूगल)

अर्धा_दिवस | मंगळवार, रात्री ११:५०

मंडळी, झोप लागत नाहीये म्हणून धागा काढतेय. लांबेल, सांभाळून घ्या.

मी ३८ वर्षांची, डोंबिवलीकर. सहा वर्षांपूर्वी घसा सुजून तीन आठवडे ताप आला. मोनो निघाला, म्हणजे ईबीव्ही विषाणूचा ताप. ताप उतरला, पण अंगात त्राण म्हणून जे असतं ते काही परत आलं नाही. "रक्त कमी आहे", "थायरॉइड बघा", "सासरी काही टेन्शन?" असं सगळं दोन वर्षं फिरून झालं. मग एका डॉक्टरांनी तासभर नीट ऐकून घेतलं आणि एमई/सीएफएस (क्रॉनिक फटीग सिंड्रोम) असं लिहून दिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा नुसता थकवा नव्हे. आज केस धुतले तर आज काही होत नाही, परवा होतं. परवा कंगवा धरायला हात वर जात नाही, घसा खवखवतो, कणकण येते, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरते. दिवसाचे जेमतेम पाच तास माझे असतात, म्हणून हा आयडी.

आता मुद्दा. दीड महिन्यापूर्वी मंगळसूत्र सरळ करताना डावीकडे, कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात बोटाला गाठ लागली. सुपारीएवढी. दुखत नाही. आईच्या मते अवधाण आलंय, दात किडला असेल. दात ठीक आहेत. रात्री गूगलवर "सीएफएस" आणि "गाठ" टाकलं आणि तेव्हापासून लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) हा शब्द डोक्यातून जात नाही. सीएफएसच्या लोकांना पुढे लिम्फोमा होतो असं खरंच सिद्ध झालंय का? कुणी नीट वाचलंय का?

योगासनं सुचवू नका प्लीज. मी जिनेसुद्धा मोजून चढते.

तिखटमीठ | बुधवार, सकाळी ७:१०

अगं, आधी गाठ दाखव, मग वाच. दीड महिना कशाची वाट बघत होतीस?

अर्धा_दिवस | बुधवार, सकाळी ११:३०

तिखटमीठ, दाखवली ना. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला सीएफएस आहे ना, त्यात गाठी येतात." मान, काख इथल्या दुखऱ्या गाठी सीएफएसच्या १९९४ च्या व्याख्येत आहेतच, त्यामुळे मीही गप्प बसले. पण ही दुखत नाही, म्हणूनच तर भीती वाटतेय.

आकडेमोड_काका | बुधवार, दुपारी २:०५

निम्मं आयुष्य विमा कंपनीत मृत्युदराची कोष्टकं बघण्यात गेलं, त्यामुळे आकड्यांपुरतं बोलतो.

तुम्ही वाचलं असेल ते बहुधा २०१२ सालचं काम. अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या संशोधकांनी कॅन्सरच्या नोंदी मेडिकेअरच्या (तिथल्या ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याच्या) बिलांशी जुळवून पाहिल्या. वय ६६ ते ९९, काळ १९९२ ते २००५. कॅन्सर झालेले सुमारे १२ लाख, न झालेले १ लाख. आधी सीएफएसची नोंद असलेल्यांचं प्रमाण दोन्हीकडे साधारण ०.५ टक्के. मात्र नॉन-हॉजकिन लिम्फोमा वेगळा काढला तर तिथे गुणोत्तर १.२९ आलं. त्यातल्या मार्जिनल झोन नावाच्या संथ प्रकारात १.८८.

आता १.२९ म्हणजे काय? अमेरिकेत वर्षाला लाखामागे वीसच्या आसपास लोकांना हा लिम्फोमा होतो. आकडा शंभर टक्के खरा धरला तरी वीसाचे सव्वीस झाले. लाखात. गंमत अशी की त्याच तक्त्यात स्तनाच्या कॅन्सरचं गुणोत्तर ०.८५ आहे, म्हणजे कमी. १.२९ वाचून घाबरायचं तर ०.८५ वाचून पेढे वाटायला हवेत! (एकाच वेळी इतके कॅन्सर तपासले की काही आकडे योगायोगानेच वरखाली दिसतात. त्याची दुरुस्ती केल्यावर ०.८५ टिकला नाही, १.२९ टिकला. तेवढं श्रेय त्याला दिलं पाहिजे.)

माझ्या दोन शंका. एक, "सीएफएस" हे बिलावरच्या कोडवरून ठरवलंय. सत्तरीच्या माणसाने "फार थकवा" म्हटलं आणि कारकुनाने कोड टाकला, इतकंही असू शकतं. दोन, आधी कोंबडी की आधी अंडं? संथ लिम्फोमा वर्षानुवर्षं गुपचूप असतो आणि माणूस दमतो. त्या दमण्यालाच आधी सीएफएसचं लेबल लागलं असेल, तर सीएफएसमुळे लिम्फोमा झाला असं नव्हे. तो आधीपासून होताच, सापडला उशिरा.

बारा_डोस | बुधवार, संध्याकाळी ६:४०

काकांच्या दुसऱ्या शंकेवर मी सही करतो, स्वतःच्या मानेसकट.

२०१४, नाशिक, वय २६. मानेत गाठ, संध्याकाळी ताप. सुईने पाणी काढलं, रिपोर्ट गोलमोल. डॉक्टर म्हणाले, "आपल्याकडे मानेतली गाठ म्हणजे टीबीच," आणि एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू. चार महिने गोळ्या गिळल्या, लघवी केशरी झाली, गाठ मात्र वाढतच गेली. खाज तर अशी की रात्री नडग्यांवर स्टीलची फणी फिरवायचो. ६२ किलोचा ५४ झालो. उशीचा अभ्रा रोज पहाटे पिळून काढावा इतका घाम. शेवटी मामाने भांडून दुसऱ्या सर्जनकडे नेलं, अख्खी गाठ काढली, तेव्हा हॉजकिन, म्हणजे लिम्फोमाचाच दुसरा प्रकार, निघाला. मग परळला टाटामध्ये एबीव्हीडी या केमोच्या सहा सायकल, दर पंधरा दिवसांनी एक असे बारा डोस. आज ठणठणीत आहे.

थकवा मलाही होता, पण ताई, तुम्ही लिहिलंय तसा नव्हता. मी सतत दमलेला असायचो. आज भांडलो म्हणून परवा आडवा झालो असा उधारीचा हिशोब नव्हता.

पॅराफिन | बुधवार, रात्री ९:१५

मी पॅथॉलॉजिस्ट, मिरजेची. इथे निदान करत नाही, पण काही गोष्टी सांगायलाच हव्यात.

१. जबड्याखालची किंवा जांघेतली छोटी गाठ आणि कॉलरबोनच्या वरची गाठ यांना एका मापात तोलू नका. जांघेत पायाच्या जखमेनेही अवधाण येतं. कॉलरबोनच्या वरच्या गाठीची मात्र कोणत्याही वयात "बघू महिनाभर" म्हणून वाट बघत नाहीत. सीएफएस असो वा नसो.

२. बारा_डोस यांनी लिहिलेली तीन लक्षणं लक्षात ठेवा: ३८ च्या वर ताप, कपडे भिजवणारा रात्रीचा घाम, सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं. खाज हॉजकिनमध्ये पुष्कळांना असते. पण यातलं काहीच नसलं म्हणून लिम्फोमा नाहीच, असंही नसतं.

३. सुईची तपासणी वाईट नाही. टीबी किंवा दुसरीकडून पसरलेला कॅन्सर तिच्यात बरेचदा कळतो. पण सुईत सुट्या पेशी येतात. लिम्फोमा ओळखायला गाठीची आतली रचना लागते. भिंती पाडून विटा पाठवल्या तर घराचा नकाशा मी कसा सांगू? अख्खी गाठ काढून पाठवणं उत्तम. ती मेणात बसवतो, तीन-चार मायक्रॉनच्या चकत्या कापतो, रंगवतो. हॉजकिनच्या मोठ्या पेशीत दोन केंद्रकं घुबडाच्या डोळ्यांसारखी रोखून बघतात, ती एकदा दिसली की विसरत नाही. मग सीडी२०, सीडी३०, सीडी१५ असे मार्कर लावून प्रकार ठरवायचा.

४. हे सर्जनना आठवणीने सांगा: गाठ काढल्यावर ती सगळीच्या सगळी फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकू नका. एक तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा द्या. फॉर्मॅलिनने जंतू मरतात, मग टीबीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) होत नाही. मी आठवड्याला दोन तरी बरण्या अशा बघते आणि कपाळावर हात मारते.

५. तोवर कुणीही "थकव्यासाठी" स्टिरॉइड दिलं तर घेऊ नका. लिम्फोमा असेल तर चार दिवसांच्या गोळ्यांनीही तो तात्पुरता विरघळतो आणि आम्हाला स्लाइडवर गोंधळ दिसतो.

अर्धा_दिवस | बुधवार, रात्री ९:४०

पॅराफिन ताई, पाचवा मुद्दा वाचून उठून बसले. ड्रॉवरमध्ये प्रेडनिसोलोनची पट्टी आहे, मागच्या क्रॅशला कुणीतरी लिहून दिलेली. नवऱ्याने आत्ता कचऱ्यात टाकली.

निंबाचा_पाला | गुरुवार, सकाळी ६:०२

कापाकापी करून गाठ पसरते. गुळवेलीचा काढा ४१ दिवस, मैदा-साखर बंद. माझ्या साडूच्या गाठी जिरल्या. ॲलोपॅथीवाले घाबरवतात.

पॅराफिन | गुरुवार, सकाळी ८:२०

बायोप्सीने लिम्फोमा पसरत नाही. आणि गुळवेलीबद्दल: मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये सहा रुग्णांची नोंद छापली, गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वाद आहे, मान्य. पण निदान न झालेल्या गाठीवर ४१ दिवस घालवायला मी माझ्या सासूलाही सांगणार नाही.

तिखटमीठ | गुरुवार, सकाळी ८:३१

+१. सासूचा उल्लेख विशेष आवडला.

सॅक्रामेंटोकर | गुरुवार, रात्री १०:४५

या लिम्फोमाच्या गोष्टीचं मूळ गाव माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे, म्हणून लिहितो. टाहो सरोवराच्या नेवाडाकडच्या काठावर इन्क्लाइन व्हिलेज. सरोवर बघायला जातो आम्ही, पाहुणे आले की नेमाने. १९८४-८५ मध्ये तिथे ताप येऊन न उठणाऱ्यांची रांग लागली. पीटरसन आणि चेनी या दोन डॉक्टरांनी सीडीसीला, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेला, बोलावलं. तपास झाला, ठोस कारण हाती लागलं नाही. त्यानंतर १९८८ मध्ये "क्रॉनिक फटीग सिंड्रोम" हे मिळमिळीत नाव बारशात मिळालं. (इंग्लंडात एमई हे नाव त्याआधीचं, लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या १९५५ च्या साथीनंतरचं.)

साथीनंतर उत्तर नेवाडात लिम्फोमा आणि मेंदूच्या गाठी वाढल्या का, हे काही संशोधकांनी तपासलं. १९९८ च्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच "गृहीतक" होतं. पण इंटरनेटवर गृहीतकाचं सत्य व्हायला कितीसा वेळ लागतो?

मग २००९. जवळच्याच रेनोच्या संस्थेने "सायन्स"मध्ये छापलं की १०१ पैकी ६८ रुग्णांत एक्सएमआरव्ही हा रेट्रोव्हायरस (एचआयव्ही ज्या गटात येतो त्यातला) सापडला. उंदरांत रक्ताचे कॅन्सर करणाऱ्या विषाणूंचा तो भाऊबंद, त्यामुळे सीएफएस आणि लिम्फोमा या दोन्हींची किल्ली एकाच जुडग्यात मिळाली असं वाटलं. कॅनडा, ऑस्ट्रेलियाने सीएफएसच्या लोकांचं रक्तदान बंद केलं. लोक एचआयव्हीची औषधं मिळवून खायला लागले. आणि निघालं काय? तो विषाणू प्रयोगशाळेतच जन्मलेला. माणसाची गाठ उंदरात वाढवताना उंदराच्या जनुकांतले दोन तुकडे जुळून तयार झालेला, आणि नमुन्यांत मिसळलेला. २०११ च्या डिसेंबरात "सायन्स"ने लेख मागे घेतला. जुनी पानं मात्र अजून गूगलवर आहेत. ताईंनी रात्री बाराला त्यातलंच एखादं वाचलं असेल.

फ्योर्डकाठी | शुक्रवार, रात्री १२:२०

मी बर्गनला, नॉर्वेत. इथली गोष्ट सांगितल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही, कारण इथे उलटं घडलं: लिम्फोमातून सीएफएसकडे वाट निघाली.

हाउकेलान हॉस्पिटलचे दोन कॅन्सरतज्ज्ञ, फ्लुगे आणि मेल्ला. त्यांच्याकडे हॉजकिनची एक रुग्ण आली, जिला आधीपासून सीएफएस होता. केमो दिल्यावर कॅन्सरचं जे व्हायचं ते झालंच, पण काही महिने तिचा सीएफएसही ओसरला. केमोत माणूस आडवा होतो, ही उठून बसली! त्यांनी ते नजरेआड केलं नाही. बी-पेशी मारणारं रिटुक्सिमॅब (पॅराफिन यांनी लिहिलेला सीडी२०, त्यालाच ते चिकटतं) तीन सीएफएस रुग्णांना दिलं, तिघं सुधारले. मग ३० जणांची चाचणी, २०११ मध्ये छापली: औषधवाल्या १५ पैकी १० सुधारले, सलाइनवाल्या १५ पैकी २. इथे तेव्हा काय वातावरण होतं सांगू! माझ्या शेजारीणबाईंची मुलगी अंधाऱ्या खोलीत पडून असायची. त्यांनी कात्रण फ्रीजवर लावलेलं.

मग १५१ जणांची मोठी चाचणी, दोन वर्षं पाठपुरावा, २०१९ मध्ये निकाल. रिटुक्सिमॅबवर २६ टक्के सुधारले, औषध नसलेल्या सलाइनवर ३५ टक्के. संपलं. कौतुक याचं की तो निकाल त्याच दोघांनी, स्वतःच्या नावाने, काहीही न झाकता छापला. आणि सोडलंही नाही. पुढे सायक्लोफॉस्फामाइड तपासलं, आता मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवरच्या डाराटुमुमॅबची छोटी चाचणी झाली, दहा जणींपैकी सहा सुधारल्या. पण ३० जणांच्या चाचणीने भाजलेले आम्ही दहाच्या चाचणीवर फुंकर मारतोय.

कात्रण फ्रीजवरून कधी निघालं, मी विचारलं नाही.

आकडेमोड_काका | शुक्रवार, सकाळी ९:००

फ्योर्डकाठी, दंडवत. वाचनखूण साठवली. १५ पैकी १० आणि मग ३५ विरुद्ध २६... हे उदाहरण मला नोकरीत असताना हवं होतं.

रानमेवा | शुक्रवार, दुपारी १:१५

माझा प्रश्न बाळबोध आहे. मोनोचा विषाणू आणि लिम्फोमाचा विषाणू एकच ना? मग ताईंना काळजीचं कारण नाही का?

पॅराफिन | शुक्रवार, दुपारी ४:३०

प्रश्न बाळबोध नाही. ईबीव्ही सापडलाच मुळी १९६४ मध्ये आफ्रिकेतल्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींत. मोनो त्याच्यामुळे होतो हे चार वर्षांनी कळलं. पण नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात तो मुक्कामाला असतोच, माझ्याही. डेन्मार्क-स्वीडनच्या २००३ च्या अभ्यासात मोनोनंतर ईबीव्हीवाला हॉजकिन चौपट आढळला, मध्यंतर साधारण चार वर्षांचं. चौपट ऐकायला भयंकर, पण मुळात आजारच दुर्मीळ.

दुसरीकडे ऑस्ट्रेलियातल्या डबो गावात ईबीव्ही, क्यू फीव्हर आणि रॉस रिव्हर ताप झालेल्या २५३ जणांना वर्षभर बघितलं. सहा महिन्यांनी २८ जण सीएफएसच्या व्याख्येत बसले. तिन्ही तापांनंतर, जवळपास सारखेच. कुणाला होणार हे मूळ ताप किती जोरात होता यावर ठरलं, स्वभावावर नाही. "सासरी टेन्शन"वाल्यांना हे ऐकवा. एकाच तापातून दोन वेगळ्या वाटा निघू शकतात; म्हणून एक वाट दुसरीकडे जाते असं होत नाही.

बारा_डोस | शुक्रवार, संध्याकाळी ७:००

रच्याकने, केमोनंतर दोन वर्षं मीही गळाल्यासारखा होतो. रोज शंभर पावलं वाढवत गेलो, गोदाकाठी. त्याने फरक पडला. ताई, बघा जमलं तर.

अर्धा_दिवस | शुक्रवार, रात्री ८:१०

दादा, मनापासून सांगताय हे कळतं, पण हेच माझ्या मुळावर आलं होतं. असंच वाढवत वाढवत मी चार महिने अंथरुणाला खिळले. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणारी संस्था) २०२१ मध्ये सीएफएससाठी ही वाढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. तुमचा थकवा आणि माझा थकवा मराठीत एकच शब्द आहे, एवढीच पंचाईत.

सोमवारी सर्जनची वेळ मिळालीये.

अर्धा_दिवस | पुढचा गुरुवार, दुपारी १२:००

काल गाठ काढली. भूल फक्त तिथल्या तिथे दिली, पाऊण तास लागला. २.३ सेंटीमीटर. सर्जनना सलाइनचं सांगितलं तर म्हणाले, "कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "मिरजेच्या ताईंनी." नवरा दोन बरण्या कापडी पिशवीत घालून रिक्षाने लॅबला गेला. बरणी सांडू नये म्हणून मांडीवर धरून, डबा धरतात तशी.

आता मी चार दिवस दिसणार नाही. काल इतकी माणसं, इतका उजेड. उधारी वसूल व्हायला सुरुवात झालीये.

तिखटमीठ | रविवार, सकाळी १०:००

अगं आहेस का?

अर्धा_दिवस | मंगळवार, संध्याकाळी ५:२०

आहे. रिपोर्ट आला. लिम्फोमा नाही.

टीबी आहे. स्लाइडवर ग्रॅन्युलोमा (पेशींचे पुंजके), मधे पनीरासारखा मृत भाग. आणि सलाइनच्या तुकड्यावर जीनएक्स्पर्ट (टीबीची जनुकीय तपासणी) पॉझिटिव्ह, रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल असं त्यातच कळलं. फॉर्मॅलिनमध्ये गेला असता तर औषध चालेल की नाही याचा अंदाजच बांधावा लागला असता, असं सर्जन स्वतः म्हणाले. सहा महिन्यांची औषधं, कालपासून सुरू. फॅमिली डॉक्टरांना फोन केला. ते जरा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "बरं झालं काढलीत."

सहा वर्षांचा थकवा याने जाणार नाही हे मला माहितीये; गाठ दोन महिन्यांची, थकवा सहा वर्षांचा. आई मात्र देवाला पेढे ठेवून आलीये. टीबी झाला म्हणून पेढे वाटणारं आमचं पहिलंच घर असेल.

पॅराफिन | मंगळवार, संध्याकाळी ५:४५

सलाइनच्या बरणीचा फोटो असेल तर मला पाठवा, विद्यार्थ्यांना दाखवते. कल्चरही लावलंय ना? त्याला सहा आठवडे लागतील, तो रिपोर्ट आठवणीने आणा. दर महिन्याला वजन, आणि भूक मेली किंवा डोळे पिवळे वाटले तर लगेच यकृताची तपासणी. आणि गुळवेल नको!

आकडेमोड_काका | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

निक्षयवर, म्हणजे सरकारच्या टीबी पोर्टलवर, नोंद झाली ना? उपचार संपेपर्यंत महिना १,००० रुपये खात्यात येतात. सहा महिन्यांचे सहा हजार. सोडू नका.

अर्धा_दिवस | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

झाली नोंद. आणि बारा_डोस दादा, आज सकाळी केशरी रंग बघून मी दचकलेच, मग तुमचा प्रतिसाद आठवला.

बारा_डोस | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

हाहा, घाबरू नका, गोळीचाच रंग आहे तो. माझं आधी केशरी झालं, मग केमोतल्या त्या लाल औषधाने लाल. सिग्नलला फक्त हिरवा राहिला होता.